भरताचे वांगे निराळे, भाजीचे निराळे

खानदेशात दिवाळी सरली की बाजारात हिरव्या वांग्यांचे ढीग दिसू लागतात. जळगाव, भुसावळ, यावल, धुळे, शिरपूर या गावांतील भाजीबाजारात याच दिवसांत जांभळी, पट्टेरी, काटेरी आणि पांढरट अशी इतरही वांगी शेजारी मांडलेली असतात. नवखा ग्राहक भावाची चौकशी करून स्वस्त पडेल ते वांगे उचलतो. खानदेशी गृहिणी मात्र आधी वेगळा विचार करते. आज भरीत करायचे आहे की भाजी, हे ठरल्याशिवाय ती पिशवी उघडत नाही. या सवयीला आधार आहे. वांग्याच्या पदार्थाची चव निम्मी चुलीवर आणि निम्मी वाणाच्या निवडीत ठरते.

वांगे हे मूळचे भारतीय उपखंडातील पीक मानले जाते. वनस्पतिशास्त्रात त्याला 'सोलॅनम मेलोंजेना' असे नाव असून बटाटा, टोमॅटो व मिरची ही त्याची भावंडे होत. शेकडो वर्षांच्या लागवडीत प्रत्येक प्रदेशाने आपल्या जेवणाला साजेसे वांगे निवडून जपले. त्यामुळेच महाराष्ट्रात दर दोन-चार जिल्ह्यांनंतर वांग्याचा रंग, आकार आणि पदार्थही बदलतो. सातारा-सांगलीकडे पट्टेरी काटेरी वांग्याला मान आहे, विदर्भात जांभळ्या वांग्याला मागणी आहे, तर जळगाव जिल्ह्यात भरताचे हिरवे वांगे हाच प्रतिष्ठेचा विषय आहे.

निवड कशावर करावी?

वांग्याची तुलना करताना बहुतेकांचे लक्ष प्रथम रंगाकडे जाते. चवीच्या दृष्टीने रंग हा दुय्यम भाग होय. जांभळा रंग सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो, हिरवा रंग हरितद्रव्यामुळे. भरतासाठी वांगे भाजल्यावर साल काढूनच टाकली जाते. म्हणजे रंग उकिरड्यावर जातो आणि ताटात उरतो तो गर. भरल्या वांग्यात किंवा रश्श्यात मात्र साल तशीच राहते. तेथे ती जाड वा चिवट असेल तर मसाला कितीही उत्तम असला तरी घास गोड लागत नाही.

म्हणून साल, गर आणि बिया या तीन गोष्टी पाहाव्यात. भरताला गर भरपूर, मऊ आणि जवळजवळ एकजीव हवा. साल पातळ व भाजल्यावर सहज सुटणारी हवी. बिया कमीत कमी हव्यात. भरल्या वांग्याला याउलट गर घट्ट हवा, कारण शिजल्यावरही फळ अखंड राहिले पाहिजे. रश्श्याच्या भाजीत फोडी मोडल्या तरी चालतात, पण पूर्ण विरघळून जाऊ नयेत. तळलेल्या कापांसाठी मोठे, घट्ट गराचे आणि एकसारख्या चकत्या पडतील असे फळ सोयीचे ठरते.

वांग्याचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्यात सुमारे ९२ टक्के पाणी असले तरी पेशींच्या मधल्या जागेत हवा असते. कच्च्या फोडी तेलात टाकल्या की ही हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी तेल शिरते. वांगे 'तेल पिते' ते यामुळे. आधी भाजलेल्या वांग्याची ही सच्छिद्र रचना आचेने कोसळलेली असते. तेल त्याच्या आत न मुरता वर तरंगत राहते. भरीत चांगले परतले गेले की कडेने तेल सुटते, यामागील कारण हेच.

खानदेशचे हिरवे वांगे

भरतासाठी जळगाव जिल्ह्यात वापरले जाणारे वांगे फिकट हिरवे, काहीसे पांढरट छटेचे, लांबट-अंडाकृती आणि आकाराने चांगले मोठे असते. यावल तालुक्यातील बामणोद, तसेच जळगावजवळील आसोदा व भादली ही गावे या वांग्यासाठी नावाजलेली आहेत. आसोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. साहित्यरसिकांना गाव त्यांच्यामुळे ठाऊक, तर खवय्यांना वांग्यामुळे.

या वांग्याचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यातील बियांचे अल्प प्रमाण. ठेचल्यावर त्याचा गर लोण्यासारखा होतो, दाताखाली बी येत नाही. दुसरे वैशिष्ट्य पातळ सालीचे. ती आचेवर फुगते, तडकते आणि हाताने अलगद निघते. तिसरे वैशिष्ट्य चवीचे. या वांग्याला किंचित गोडसर चव असते आणि कडवटपणा जवळपास नसतो. जांभळ्या वांग्याच्या भरताला जो उग्र वास कधी कधी येतो, तो यात आढळत नाही. मिरची व लसणाचा ठसका या सौम्य गरावर उठून दिसतो.

या गुणांची दखल राष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली. 'जळगाव भरीत वांगे' या नावाने २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही हे मानांकन लाभले. केळीचा जिल्हा म्हणून परिचित असलेल्या जळगावच्या एका साध्या भाजीला केळीच्या पंक्तीत स्थान मिळावे, ही बाब लक्षणीय आहे.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खानदेशी भरताची आवड ध्यानात घेऊन 'फुले हरित' हा वाण दिला आहे. त्याची फळे मोठी, फिकट हिरवी व टोकाकडे पांढरट असतात. गावठी बियाण्याची खात्री नसेल, तर भरतासाठी लागवड करणाऱ्यांना हा वाण उपयोगी पडतो.

भाजीची वांगी

भरताचे हिरवे वांगे भरल्या वांग्यासाठी घेतल्यास निराशा पदरी पडते. मसाला भरून शिजवताना त्याचा गर लवकर मऊ पडतो आणि फळ फुटते. भरल्या वांग्यासाठी लहान, घट्ट आणि काटेरी देठाची वांगीच घ्यावीत.

'मांजरी गोटा' हा महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित वाणांपैकी एक. फळे गोल, मध्यम ते मोठी, जांभळट गुलाबी रंगाची व पांढऱ्या पट्ट्यांची असतात. झाडाच्या पानांवर आणि फळाच्या देठावर काटे असतात. फळ काढल्यावर चार-पाच दिवस चांगले टिकते. याची कोवळी, लहान फळे भरून करावयास उत्तम, तर मोठी फळे रश्श्यास योग्य. मसाल्याच्या तिखट वाटणातही वांग्याची स्वतःची चव टिकून राहते, हे त्याच्या लोकप्रियतेचे कारण होय.

'वैशाली' या वाणाची झाडे बुटकी व पसरट असतात. फळे झुबक्यांनी लागतात, आकार अंडाकृती, रंग जांभळा व त्यावर पांढरे पट्टे. बटाट्यासह करावयाच्या रश्श्याला ही वांगी चांगली. 'प्रगती' हा उंच व काटक झाडांचा वाण असून त्याचा बहार दीर्घकाळ चालतो व पिकाचा कालावधी सुमारे १५० ते १७० दिवसांचा असतो. त्याची फळेही अंडाकृती, जांभळी व पट्टेरी असतात. 'कृष्णा' हा याच वळणाचा संकरित वाण. 'अरुणा' या वाणाची फळे मध्यम, अंडाकृती व चमकदार जांभळी असून तीही झुबक्यांत लागतात.

खानदेशातील पंगतीचा मान मात्र आणखी एका प्रकाराकडे जातो. वरण-बट्टीच्या जेवणात वांग्याची घोटलेली भाजी लागते. तीत वांगी शिजवून, घोटून एकजीव केली जातात. येथे फोड राहण्याची अपेक्षाच नसते, म्हणून पातळ सालीची व मऊ गराची वांगी या भाजीला चालतात. भरली वांगी आणि घोटलेली भाजी यांत लागणाऱ्या फळांचे गुण असे परस्परविरोधी आहेत. दोन्हींसाठी एकच वांगे वापरणाऱ्याची एक भाजी हमखास बिघडते.

इतर प्रांतांतील वांगी

स्थानिक वांग्याचा अभिमान बाळगणारा खानदेश एकटाच नाही. कर्नाटकातील उडुपीजवळच्या मट्टू गावचे 'मट्टू गुळ्ळा' हे गोल, फिकट हिरवे वांगे २०११ मध्ये भौगोलिक मानांकनास पात्र ठरले. रंगाने ते खानदेशी वांग्याचे आप्त वाटावे, परंतु त्याचा उपयोग सांबारासारख्या पातळ पदार्थांत होतो. वाराणसीजवळील रामनगरच्या 'भंटा' या मोठ्या, गोल वांग्याला २०२३ मध्ये मानांकन मिळाले. उत्तरेकडील चोखा व भरता या पदार्थांसाठी ते नावाजलेले आहे. गोव्यातील आगशीच्या वांग्यानेही आपले नाव असेच राखले आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दिलेले 'पुसा पर्पल राउंड' व 'पुसा पर्पल लाँग' हे वाण देशभर परिचित आहेत. उत्तर भारतीय पद्धतीच्या बैंगन भरत्यात कांदा, टोमॅटो आणि मसाले सढळ हाताने पडतात. तेथे मोठे जांभळे गोल वांगे शोभते, कारण मसाल्याच्या गर्दीत गराचा सौम्यपणा तसाही झाकला जातो. खानदेशी भरतात टोमॅटो नाही, हळद नाही, गरम मसाला नाही. लपण्यास जागाच नसल्याने वांग्याचा प्रत्येक गुण-दोष जिभेला कळतो.

भरीत : पऱ्हाटीपासून ताटापर्यंत

भरताचा हंगाम धर्माचाराशीही जोडलेला आहे. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करण्याची प्रथा अनेक घरांत पाळली जाते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगी पुन्हा जेवणात येतात. म्हणूनच या तिथीला काही भागांत 'वांगेसट' असेही म्हणतात. याच सुमारास कपाशीची वेचणी आटोपू लागते आणि शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या मुबलक उपलब्ध होतात. भरताचे वांगे, थंडी आणि इंधन असे तिन्ही एकाच वेळी हाताशी येतात. शेतात, मळ्यात रंगणाऱ्या भरीत पार्ट्यांचे मूळ या योगात आहे.

पऱ्हाटीची आच मोठी आणि झटकन चढणारी असते. वांग्याची साल जळून जाते, आतील पाणी वाफ होऊन गर शिजतो आणि धुराचा मंद वास गरात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही. शहरातील घरांत कोळशाची शेगडी हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय. गॅसच वापरायचा असेल तर वांग्याला आधी तेलाचा हात लावून, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून घ्यावे आणि मध्यम आचेवर सतत फिरवत भाजावे. न टोचलेले मोठे वांगे वाफेने फुटण्याची शक्यता असते. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो. तो दाबून मऊ लागला की वांगे भाजून झाले असे समजावे.

भाजलेली वांगी सोलून लाकडी भांड्यात ठेचली जातात. मिक्सरमध्ये गर फिरवू नये. त्याने गराचे तंतू तुटतात आणि भरीत चिकट होते. एक किलो वांग्यांसाठी साधारण आठ ते दहा हिरव्या मिरच्या, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे थोडे काप, वाटीभर चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर व मीठ एवढे साहित्य पुरते. तेलात शेंगदाणे व खोबरे परतून घ्यावे, ठेचलेली मिरची व लसूण टाकावा, पात किंचित मऊ होऊ द्यावी आणि मग गर घालून तेल सुटेपर्यंत परतावे. मिरचीचे प्रमाण आपल्या सोसण्याप्रमाणे ठेवावे.

सोबत काय असावे, याबाबत दोन्ही जिल्ह्यांत आग्रह आहेत. जळगावकडे कळण्याची भाकरी किंवा पुरी हवी. कळणा म्हणजे ज्वारी व उडीद मीठ घालून एकत्र दळलेले पीठ. उडदामुळे या भाकरीला खमंगपणा येतो आणि सौम्य भरताला ती जोड मिळते. धुळे जिल्ह्यात बाजरीची भाकरी अनेकांना प्रिय आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन चालते, हे या भागातील बाजरीचे महत्त्व सांगण्यास पुरेसे आहे.

भरताचा हा लौकिक सार्वजनिक सोहळ्यापर्यंत पोहोचला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जळगाव शहरात प्रसिद्ध बल्लवाचार्य विष्णू मनोहर यांनी एकाच भव्य कढईत दोन हजार किलोंहून अधिक भरीत करून दाखविले होते.

खरेदी करताना

वांगे हातात घेऊन त्याच्या आकारमानाशी वजन ताडून पाहावे. आकाराच्या मानाने हलके लागणारे वांगे कोवळे असते व त्यात बिया कमी असतात, असा जुन्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. साल तकतकीत व ताणलेली हवी. अंगठ्याने हलके दाबल्यास खळगा पडून लगेच भरून आला पाहिजे. खळगा तसाच राहिला तर वांगे शिळे आणि अजिबात दबले नाही तर ते अपक्व समजावे. साल निस्तेज होऊन पिवळसर छटा दिसू लागली असेल, तर फळ जून झाले आहे. अशा फळातील बिया कडक व कडवट असतात. देठ हिरवा व ताजा असावा.

सालीवर बारीक छिद्र आढळल्यास वांगे बाजूला ठेवावे. शेंडे व फळे पोखरणारी अळी हा या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू असून तिचा प्रादुर्भाव बाहेरून फारसा जाणवत नाही. भरताचे वांगे अखंड भाजायचे असल्याने ही तपासणी अधिक गरजेची आहे. शंका वाटल्यास भाजण्यापूर्वी एक उभी चीर देऊन आत पाहून घ्यावे.

चिरलेल्या फोडी हवेत काळ्या पडतात. गरातील फिनॉलवर्गीय घटकांची हवेतील प्राणवायूशी प्रक्रिया होऊन असे घडते. फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्यास काळेपणा कमी होतो व उग्रपणाही उतरतो. वांगी शीतपेटीत फार दिवस ठेवू नयेत. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खालील तापमान त्यांना सोसत नाही. सालीवर खळगे पडतात आणि आतील बिया काळवंडतात. भरतासाठी आणलेली वांगी शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावीत.

बियाण्याचा प्रश्न

ही सारी तुलना टिकून राहायची असेल, तर वाण शुद्ध राहणे अगत्याचे आहे. खरी अडचण येथेच आहे. वांग्यात स्वपरागीभवन होत असले तरी कीटकांमार्फत परपरागीभवनही बऱ्याच प्रमाणात होते. हिरव्या भरताच्या वांग्याशेजारी जांभळ्या वांग्याचा मळा असला, तर त्या फळांतून धरलेले बी पुढील वर्षी भलतेच फळ देऊ शकते. प्रमाणित बियाण्याच्या निकषांत दोन वाणांच्या शेतांमध्ये किमान १०० मीटर, तर पायाभूत बियाण्यासाठी २०० मीटर अंतर ठेवण्याची अट त्यासाठीच आहे. लहान धारणक्षेत्राच्या शेतकऱ्याला हे अंतर राखणे सोपे नाही. बांध त्याचा असला तरी शेजारचे शेत दुसऱ्याचे असते.

गावठी बी राखण्याची पद्धत सोपी, पण चिकाटीची आहे. जोमदार व निरोगी झाडावरील दोन-तीन उत्तम फळे न तोडता पूर्ण पिकू द्यावी लागतात. ती पिवळी पडली की काढून, गर पाण्यात कुस्करून तळाशी बसलेले भारी बी वेगळे केले जाते आणि सावलीत वाळवून साठविले जाते. खरिपासाठी जूनमध्ये रोपे टाकून जुलै-ऑगस्टमध्ये लागवड होते. रब्बीसाठी सप्टेंबरअखेर बी पेरतात. बियाण्यासाठी राखलेल्या फळाची बाजारातील किंमत शेतकऱ्याला सोडून द्यावी लागते. वाण जपण्याचा हा खर्च आजवर त्यानेच सोसला आहे.

वाणांच्या शुद्धतेची हीच चिंता बीटी वांग्याच्या वादातही उमटली होती. अळीला प्रतिकार करणाऱ्या या जनुकबदल केलेल्या वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या संबंधित समितीने अनुकूलता दर्शविली. त्यानंतर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी त्याच्या लागवडीस स्थगिती दिली. देशी वाणांची विविधता धोक्यात येण्याची शक्यता हा त्या वेळच्या आक्षेपांतील महत्त्वाचा मुद्दा होता. अळीपासून होणारे नुकसान व फवारण्यांचा खर्च हा शेतकऱ्यांचा प्रश्न मात्र स्थगितीने सुटला नाही. कीडग्रस्त शेंडे वेळीच खुडणे, किडकी फळे गोळा करून नष्ट करणे व कामगंध सापळे लावणे या उपायांवरच बरीचशी भिस्त राहिली आहे.

भौगोलिक मानांकनाने नावाला कायद्याचे संरक्षण मिळते. नोंदणी झालेल्या अधिकृत उत्पादकांनाच ते नाव वापरता येते आणि दर दहा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. परंतु बियाणे कागदावर टिकत नाही. ते टिकते शेतात आणि त्याला भाव देणाऱ्या बाजारात. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे हिवाळ्यात गावाकडून वांगी मागवितात. त्यांच्या मागणीने या वाणाला आधारच मिळतो. भाजीवाल्याकडे नुसते 'वांगी द्या' असे न म्हणता 'भरताची द्या' किंवा 'भरायची द्या' असे सांगून घेणारा ग्राहक आपला पदार्थ तर साधतोच, शिवाय कोणत्या वांग्याला गिऱ्हाईक आहे हे शेतकऱ्यापर्यंत पोहोचवितो. पुढील जूनमध्ये रोपवाटिकेत कोणते बी पडणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.